आकाश जनतेचे, जकात मालकांची

प्रसारणाच्या क्षेत्रात कायद्याने हात घालू नये, बाजारपेठेला मोकळे सोडावे, म्हणजे प्रेक्षकाला हवे ते, हवे तेथे आणि स्वस्तात मिळेल, असा उपदेश गेली तीस-पस्तीस वर्षे भारतातील सुशिक्षित मध्यमवर्गाला अखंड ऐकवला जात आहे. या उपदेशाच्या पुष्ट्यर्थ बोट दाखवले जाते ते अमेरिकेकडे. तेव्हा त्या अमेरिकेतच एका अगदी साध्या गोष्टीचे काय झाले, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल. ती गोष्ट एवढीच, की आपल्या गावच्या दूरचित्रवाणी केंद्राचे चित्र, ते केंद्र ज्या स्वच्छतेने प्रक्षेपित करते त्याच स्वच्छतेने, म्हणजे आजच्या भाषेत एचडी स्वरूपात, छपरावरच्या डिशमधून घरात मिळावे. एवढ्या क्षुल्लक सोयीसाठी तेथील संसदेला पाचसहा कायदे करावे लागले, न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालले, आणि तरीही ते चित्र केव्हा अदृश्य होईल याची शाश्वती आजही कोणा ग्राहकाला देता येत नाही.

अमेरिकेत दूरदर्शनसारखी एकच राष्ट्रीय संस्था नाही. शहरोशहरी स्वतंत्र केंद्रे आहेत. त्यांतील पुष्कळशी एबीसी, सीबीएस, एनबीसी अथवा फॉक्स यांपैकी एखाद्या जाळ्याशी संलग्न असतात. त्या जाळ्याच्या मालिका व सामने दाखवतात आणि त्यांच्या जोडीला गावच्या बातम्या, शाळांच्या सुट्ट्या, वादळाचे इशारे देतात. ज्या लहरींवरून हे सारे चालते त्या लहरी मात्र या केंद्रांच्या मालकीच्या नाहीत. परवाना म्हणजे मालकी नव्हे, आणि परवाना द्यावयाचा तो सार्वजनिक हितासाठी, हे तत्त्व १९३४ च्या दळणवळण कायद्यातच नमूद आहे. परवाना आठ वर्षांचा असतो, आणि नियामक आयोगाच्या खर्चापुरते शुल्क सोडले तर त्या लहरींच्या वापरासाठी केंद्रचालक जनतेला छदामही देत नाही. १९९६ च्या कायद्यानंतर डिजिटल प्रक्षेपणाची वेळ आली तेव्हा प्रत्येक केंद्राला संक्रमणकाळासाठी दुसरा लहरीपट्टाही असाच विनामूल्य देण्यात आला. या खैरातीवर कडाडून टीका करणारे सिनेटर बॉब डोल हे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते. त्यांच्यावर समाजवादाचा आरोप त्यांच्या शत्रूनेही केला नसता. १२ जून २००९ रोजी मोठ्या केंद्रांचे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले. ज्याच्या घरी साधा अँटेना चालतो त्याला आज एचडी चित्र फुकट मिळते, आणि उपग्रहामार्फत पुन्हा दाबून पाठवलेल्या चित्राहून ते बहुधा सरसच असते.

प्रश्न आहे तो ज्याच्या घरी अँटेना चालत नाही त्याचा. जुन्या प्रक्षेपणात दूरच्या गावी चित्रावर मुंग्या येत, आवाज खरखरे, पण काहीतरी दिसे. डिजिटल चित्राचा स्वभाव निराळा आहे. ते येते तेव्हा आरशासारखे येते, आणि लहर एका मर्यादेखाली क्षीण झाली की मुळीच येत नाही. डोंगराआड, दरीत, प्रक्षेपकापासून शंभर मैलांवर राहणाऱ्या शेतकऱ्याला आणि खाणकामगाराला मग डिशवाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे फुकट चित्र शहरातल्याला, आणि विकतचे चित्र रानातल्याला. या व्यवहाराला बाजारपेठेचा न्याय म्हणतात.

हा डिशवाला प्रेक्षक गेली चाळीस वर्षे दोन मालकांच्या भांडणात सापडलेला आहे. १९८८ च्या कायद्याने उपग्रह कंपन्यांना मुभा दिली ती एवढीच, की ज्या घरी अँटेनावर चित्र पोहोचत नाही त्या घराला न्यूयॉर्कसारख्या दूरच्या शहरातील केंद्र दाखवावे. कंपन्यांनी ही मुभा सैल हाताने वापरली आणि ज्यांच्या घरी चित्र पोहोचत होते त्यांनाही दूरची केंद्रे विकली. स्थानिक केंद्रांचे मालक न्यायालयात गेले. १९९८ साली मायामीच्या न्यायालयाने हा व्यापार थांबवण्याचा आदेश दिला, आणि लक्षावधी ग्राहकांचे पडदे काळे होण्याची वेळ आली तेव्हा संसद खडबडून जागी झाली. १९९९ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने उपग्रहावरून स्थानिक केंद्र त्याच्या स्वतःच्या गावी दाखवण्यास प्रथमच परवानगी मिळाली. त्याबरोबर अटही आली, की १ जानेवारी २००२ पासून एखाद्या विभागातील एक केंद्र घ्यावयाचे असेल तर मागणी करणारी सर्व केंद्रे घेतली पाहिजेत. बड्यांना उचलावे आणि लहानांना टाकावे असे चालणार नाही. उपग्रह कंपन्यांनी या अटीविरुद्ध आपल्या भाषणस्वातंत्र्याचा टाहो फोडला. न्यायालयाने तो मानला नाही.

अटीतून पळवाट कशी निघाली, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका बड्या उपग्रह कंपनीने मोठ्या जाळ्यांची केंद्रे मुख्य उपग्रहावर ठेवली आणि काही सार्वजनिक केंद्रे, स्पॅनिश भाषिकांची केंद्रे, लहान स्वतंत्र केंद्रे आकाशाच्या कडेला असलेल्या दुसऱ्या उपग्रहावर ढकलली. ती पाहण्यासाठी छपरावर दुसरी डिश बसवावी लागे. कायद्याच्या शब्दाप्रमाणे केंद्र ‘उपलब्ध’ होते. ते पाहावयाचे तर भिंतीला आणखी एक छत्री ठोका. स्थलांतरित मजुराच्या भाषेला मागील दाराने येण्यास सांगण्याची ही उपग्रहयुगातली रीत. २००४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून एका विभागातील सर्व केंद्रे एकाच डिशवर मिळाली पाहिजेत असे बंधन घातले, तेव्हा कोठे ही दुपंक्ती थांबली.

एचडीच्या बाबतीत तोच खेळ पुन्हा झाला. कंपन्यांचे म्हणणे असे, की उपग्रहावर जागा नाही. हे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण एचडी चित्राला साध्या चित्राच्या कितीतरी पट जागा लागते आणि देशात विभाग आहेत २१०. पण विज्ञानाने उत्तर शोधून ठेवले होते. साऱ्या देशावर एकच झोत टाकण्याऐवजी उपग्रहावरून अरुंद झोत वेगवेगळ्या प्रदेशांवर टाकता येतात, आणि एकमेकांपासून दूर असलेल्या झोतांत तीच लहर पुन्हा वापरता येते. असे उपग्रह चढले, २००५ च्या सुमारास मोठ्या शहरांची स्थानिक केंद्रे एचडीत दिसू लागली, आणि ‘जागा नाही’ हे वाक्य फक्त लहान गावांपुरते आणि सार्वजनिक केंद्रांपुरते शिल्लक राहिले. खरेदीच्या जाहिराती दिवसरात्र दाखवणाऱ्या वाहिन्यांना जागा अपुरी पडल्याची तक्रार कधी ऐकू आली नाही. अखेरीस नियामक आयोगाने २००८ साली आदेश काढला, की एखाद्या विभागातील एक केंद्र एचडीत दाखवले तर तेथील साऱ्या पात्र केंद्रांचे एचडी चित्र दाखवावे लागेल. परंतु त्यासाठी कंपन्यांना टप्प्याटप्प्याने १७ फेब्रुवारी २०१३ पर्यंतची सवलत मिळाली. सार्वजनिक केंद्रांना त्याआधी एचडी मिळावे म्हणून २०१० च्या कायद्यात वेगळे कलम घालावे लागले. आणि एवढे होऊनही देशातील सर्वांत मोठी उपग्रह कंपनी मोंटानातील ग्लेंडाइव्ह, नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट, मिशिगनमधील अल्पीना अशा डझनभर लहान विभागांना त्यांची स्थानिक केंद्रे देतच नव्हती. तेथे ग्राहक थोडे आणि नफा तुटपुंजा. २०१९ च्या कायद्याने कंपनीची दुसरीकडची एक सवलत या विभागांना सेवा देण्याशी बांधली, तेव्हा २०२० साली त्या गावांचा नंबर लागला.

स्वच्छ चित्र कायद्याचा बडगा पाहूनच हलले आणि बडगा खाली ठेवताच थांबले, एवढी गोष्ट या इतिहासातून बाजारभक्तांनी टिपून घ्यावी.

आता दुसऱ्या मालकाकडे, केंद्रचालकाकडे वळू. त्याच्या हातात १९९२ च्या केबल कायद्याने एक विलक्षण हत्यार दिले. थोरल्या बुश यांनी या कायद्यावर नकाराधिकार वापरला होता. संसदेने तो मोडून काढला, आणि त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत मोडला गेलेला नकाराधिकार हा एकच. कायद्याचा मूळ रोख केबल कंपन्यांच्या दरवाढीवर होता. पण त्यातच एक कलम असे बसले, की दर तीन वर्षांनी केंद्राने ठरवावे : एकतर ‘मला दाखवलेच पाहिजे’ असा हक्क बजावावा, नाहीतर ‘माझ्या संमतीवाचून दाखवता येणार नाही’ असे म्हणून संमतीचे मोल मागावे. लहान केंद्राने पहिला मार्ग धरला. बड्याने दुसरा धरला. म्हणजे ज्या लहरी जनतेच्या, ज्या फुकट मिळाल्या, त्यांवरून फुकट सोडलेले चित्र उपग्रहामार्फत त्याच गावातल्या त्याच नागरिकाच्या घरी पोहोचवावयाचे तर दर घरामागे दरमहा जकात. उद्योगाच्या अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे २००६ साली ही जकात वर्षाला वीस कोटी डॉलरांच्या आसपास होती. २०२० च्या सुमारास ती एक हजार कोटी डॉलरांच्या वर गेली. ती भरतो तो ग्राहक.

जकातीचा दर ठरला नाही तर काय होते? जुलै २०१९ मध्ये नेक्स्टार या कंपनीची सुमारे १२० केंद्रे डायरेक्टटीव्ही या उपग्रह सेवेवरून एका रात्रीत नाहीशी झाली आणि जवळजवळ आठ आठवडे परतली नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याच दोन कंपन्यांचे पुन्हा फाटले. या वेळी दीडशेहून अधिक केंद्रे अडीच महिने बंद. सप्टेंबर २०२४ मध्ये डिस्ने कंपनीशी भांडण झाले तेव्हा मोठ्या शहरांतील एबीसीची केंद्रे जवळजवळ दोन आठवडे गेली. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू आपापल्या जाहिरातींतून प्रेक्षकाला सांगतात की लबाड तो, आम्ही नव्हे. त्याला दूरध्वनी करा. गावात चक्रीवादळाचा इशारा आहे, शाळा उद्या उघडणार की नाही ठाऊक नाही, आणि ज्याने महिन्याचे पैसे आगाऊ भरले आहेत त्यालाच आपापल्या वसुलीचा शिपाई नेमण्याचा हा निर्लज्जपणा ! वादात कोणाचेही पारडे जड झाले तरी वाढीव दर उतरतो तो पुढच्या बिलात.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. स्थानिक बातम्यांना पैसा लागतो. वार्ताहर, छायाचित्रकार, हवामानतज्ज्ञ, रात्रपाळीचे तंत्रज्ञ हे सारे पगारी कामगार आहेत, जाहिरातींचे उत्पन्न इंटरनेटने पळवले आहे, आणि ही जकात नसती तर अनेक वृत्तविभाग बंद पडले असते असे म्हटले जाते. आक्षेपात तथ्य आहे. पण ही रक्कम केवळ वृत्तविभागात जाते असे मानणे भाबडेपणाचे होईल. तिचा मोठा वाटा ज्या जाळ्याशी केंद्र संलग्न आहे ते जाळे वर ओढून घेते. पूर्वी जाळे केंद्राला पैसे देई, आता केंद्र जाळ्याला देते. उरलेल्यातून केंद्रेच्या केंद्रे विकत घेण्यासाठी काढलेली कर्जे फिटतात. २०१९ च्या सप्टेंबरात नेक्स्टारने ट्रिब्यून कंपनी गिळली आणि ती देशातील सर्वांत मोठी केंद्रमालक झाली. अशा मालकांच्या हाती ‘स्थानिक’ या शब्दाचे काय झाले? २०१८ साली सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी केंद्रांतील निवेदकांनी मुख्यालयाने लिहून दिलेले एकच निवेदन शब्दशः वाचले. तुकडे जोडलेली ती चित्रफीत जगाने पाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधाराचे बोलणे सत्ताधाऱ्यांना झोंबले तेव्हा एबीसीने कार्यक्रम थांबवला, आणि तो पुन्हा सुरू केल्यावरही याच दोन कंपन्यांनी आपल्या केंद्रांवर काही दिवस दाखवला नाही. कोणत्या गावाने त्यांना तसे सांगितले होते? पोर्टलंडच्या आणि नॅशव्हिलच्या प्रेक्षकांचा ‘स्थानिक’ निर्णय कंपनीच्या कचेरीत झाला होता.

मुळात गाव कोणते हेही गावाने ठरवलेले नाही. ते २१० विभाग संसदेने पाडलेले नाहीत. जाहिरातदारांसाठी प्रेक्षक मोजणाऱ्या निल्सन या खाजगी कंपनीने पाडले आहेत, आणि कायदा तेच प्रमाण मानतो. कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातील ला प्लाटा परगणा या नकाशात शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्कीच्या विभागात पडला. परिणामी ड्युरँगो गावच्या डिशवाल्याला डिशवर ‘स्थानिक’ म्हणून मिळाल्या त्या परराज्यातील बातम्या आणि परराज्यातील निवडणुकीच्या जाहिराती. आपले राज्यपाल आणि आपली विधानसभा काय करते, हे सांगणारी डेन्व्हरची केंद्रे मात्र नाहीत. गडचिरोलीच्या माणसाला हैदराबादच्या बातम्या दाखवून ‘या तुझ्या’ म्हणावे, तसे हे झाले. २०१४ च्या कायद्याने असे विभाग बदलून मागण्याची वाट मोकळी केल्यावर परगण्याने अर्ज केला. न्यू मेक्सिकोच्या केंद्रमालकांनी त्याला विरोध केला, कारण त्या परगण्याचे प्रेक्षक ही त्यांची मालमत्ता होती ! २०१७ साली आयोगाने अर्ज मान्य केला. नागरिकाला आपल्याच राज्याच्या राजधानीचे चित्र मिळावे म्हणून परगण्याला वकील द्यावा लागतो, ही लोकशाहीची शोभा आहे.

या दुहेरी मालकशाहीतून सुटण्याचा एक प्रयत्न झाला, आणि त्याचा शेवटही बोलका आहे. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात एक जुने कलम आहे : नफा न कमावणाऱ्या संस्थेला स्थानिक केंद्राचे चित्र पुढे पोहोचवता येते. त्याच्या आधाराने २०१८ साली लोकास्ट नावाची संस्था निघाली. ती अँटेनावरचे चित्र इंटरनेटवरून त्याच शहरातील लोकांना देई आणि ऐपतीप्रमाणे महिना पाच डॉलर देणगी मागे. चारही बड्या जाळ्यांनी खटला भरला. खर्चाहून अधिक पैसा जमवून तो नव्या शहरांत विस्तारासाठी वापरला, म्हणून कलमाचे संरक्षण नाही, असा निर्णय ३१ ऑगस्ट २०२१ रोजी लागला आणि दोन दिवसांत संस्था बंद झाली. नफ्यासाठी विस्तार केला तर तो उद्यमशीलता. नफा न घेता विस्तार केला तर तो गुन्हा. त्यानंतरची बातमी याहून गंभीर आहे. डिजिटल प्रक्षेपणाच्या नव्या पिढीत अनेक केंद्रांनी २०२३ पासून अँटेनावरच्या चित्रालाच सांकेतिक कुलूप घालण्यास आरंभ केला आहे. किल्लीची मान्यता मिळालेले यंत्र नसेल तर जनतेच्या लहरींवरचे फुकटचे चित्रही उघडणार नाही. आज त्या किल्लीला मासिक भाडे नाही. पण कुलूप बसवण्याचा खर्च कोणी हौसेने करीत नसतो.

भारतात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगालच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हापासून महाराष्ट्रातील कामगारवस्तीतही काठीवरच्या अँटेनावर आपल्या भाषेचे चित्र विनामूल्य येत असे. ती व्यवस्था आता संपली. सीमेवरील व सामरिक महत्त्वाची सुमारे पन्नास ठिकाणे वगळता दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे धोरण पार पडले, आणि घराघरांत पोहोचेल अशी डिजिटल भूप्रक्षेपणाची पर्यायी सोय उभी राहिली नाही. अमेरिकेत निदान शहरातल्याला अँटेना उरला आहे. येथे तोही नाही. उरला तो उपग्रह. खाजगी डिशवर २०१९ साली लागू झालेल्या दरपद्धतीत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांच्या बरोबर मोजली गेली, म्हणजे स्वच्छ चित्राचा श्रीमंतीशी जोडलेला संबंध नियामकानेच हिशेबात मांडला. गरिबाचा आधार म्हणजे डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, पुढे डीडी फ्री डिश हे नाव मिळालेली दूरदर्शनची सेवा. डिश आणि पेटी एकदा घेतली की महिन्याचे बिल नाही. कोट्यवधी घरांत ती आहे. तेथील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने जातात, आणि बड्या चार प्रसारण कंपन्या २०१९ साली आपल्या मनोरंजन वाहिन्या तेथून काढून घेतात, २०२० साली परत आणतात, २०२२ साली पुन्हा काढतात. दर ठरला नाही की पडदा काळा, ही रीत सातासमुद्रापलीकडेच राहिली आहे असे कोणी समजू नये.

आणि जे सामने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून सर्वांना दिसावेत यासाठी २००७ चा कायदा झाला, त्यांचे काय? खाजगी कंपनीने ते चित्र प्रसार भारतीला दिलेच पाहिजे. परंतु २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाप्रमाणे ते दाखवता येते फक्त दूरदर्शनच्या भूप्रक्षेपणावर आणि दूरदर्शनच्याच उपग्रह सेवेवर. भूप्रक्षेपण सरकारनेच मोडीत काढले. म्हणजे केबल किंवा खाजगी डिश असलेल्या घरी दूरदर्शनची वाहिनी आहे, कायद्याने ती दाखवणे सक्तीचेही आहे, पण कायद्याने सर्वांसाठी राखलेला सामना मात्र तिच्यावर नाही. ही विसंगती दूर करणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने २०१८ साली सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. त्याचा कायदा झाला नाही. तो कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या टेबलावर अडला, हे महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांना त्यांच्या मतदारसंघातील सभांतून नाव घेऊन विचारण्यास कार्यकर्त्यांना कोणाची आडकाठी आहे?